हायब्रिड गाडीतलं पेट्रोल संपलं तर?

 

गेल्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीत विषय होता कर्जफेडीचा, आणि बोलता बोलता गाडी निघाली गाड्यांवर. एका ताईंनी विचारलं, "हायब्रिड गाडीतलं पेट्रोल संपलं तरी ती बॅटरीवर घरापर्यंत येते म्हणतात. खरं का?" शेजारच्या मावशी म्हणाल्या, "येणारच की! नाहीतर एवढे जास्तीचे पैसे कशाला मोजतील लोक?" निम्म्या जणी हो म्हणाल्या, निम्म्या नाही. मग आम्ही तालुक्याच्या गावी दोन मेकॅनिकना भेटलो, गाडीबरोबर मिळणारी पुस्तिका वाचली, आणि आज ते सगळं तुमच्यापुढे मांडतो आहोत.

कोणी म्हणेल, आपल्याकडे कुठं आलीय हायब्रिड गाडी? पण आता पाहा. दिवाळीला पुण्या-मुंबईहून येणाऱ्या लेकाची, जावयाची, पुतण्याची गाडी हायब्रिड असते. प्रदर्शनाला माल न्यायला भाड्यानं ठरवलेली गाडी हायब्रिड निघते. रात्री अपरात्री बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला जी गाडी दारात येईल तीत आपण बसतो. पेट्रोल कधी भरायचं हे चालवणारा ठरवतो, पण गाडी बंद पडली की पिशव्या घेऊन रस्त्याच्या कडेला आपणच उभ्या राहतो. म्हणून आपल्याला हे माहीत हवं.

उत्तर आधीच सांगून टाकतो. पेट्रोल संपल्यावर हायब्रिड गाडी घरापर्यंत येत नाही. आपल्याकडे मिळणारी चांगल्यातली हायब्रिड असेल, रस्ता सपाट असेल आणि बॅटरी भरलेली असेल, तर फार तर एक-दोन किलोमीटर जाईल. मग थांबेल. चढाला तेवढंही नाही.

असं का, ते बघू. हायब्रिड हा शब्द आपल्याला नवा नाही. हायब्रिड ज्वारी आपल्या सासूबाईंच्या वेळेपासून शेतात आहे. दोन वाणांचा संकर म्हणजे हायब्रिड. तसा या गाडीत दोन यंत्रांचा संकर असतो. एक नेहमीचं पेट्रोलचं इंजिन आणि दुसरी विजेवर चालणारी मोटर. आता आपण गटात विचारतो तोच प्रश्न इथं विचारायचा: पैसा येतो कुठून? मोटरला वीज येते कुठून? आपण घरी वायर लावून ही गाडी चार्ज करत नाही. तिची बॅटरी भरते दोन वाटांनी. इंजिन चालू असताना ते थोडी वीज तयार करून बॅटरीत टाकतं. आणि ब्रेक लावला किंवा गाडी उताराला लागली की चाकांच्या फिरण्यातून वीज तयार होते. आता उताराची वीज फुकट वाटते, पण गाडी आधी घाट चढली कशावर? पेट्रोलवरच. म्हणजे दोन्ही वाटांची वीज मुळात पेट्रोलमधूनच येते.

आपल्या गटाच्या पेटीसारखंच आहे हे. दर महिन्याची बचत जमा होते, पेटीत शिल्लक राहते, अडीनडीला त्यातून कर्ज देतो. पेटी आहे म्हणून पैसा वाया जात नाही, फिरता राहतो. पण पेटीत चार पैसे आहेत म्हणून सगळ्यांनी बचत बंद केली, तर ती पेटी किती दिवस पुरेल? हायब्रिडची बॅटरी ही पेटी आहे. पेट्रोल ही बचत आहे.

आणि ही पेटी आहे केवढी? लाइट बिलातलं युनिट आपल्याला कळतं, त्या हिशोबात सांगतो. २०२२ साली आपल्याकडे मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची हायरायडर या गाड्या आल्या. त्यांच्या हायब्रिड प्रकारात जी बॅटरी आहे, तिच्यात सगळी मिळून पाऊण युनिट वीज मावते. पाणी तापवायचा हजार वॅटचा रॉड पाऊण तास चालवला तर जेवढी वीज जाते, तेवढीच. त्यातलीही सगळी वापरता येत नाही. बॅटरी टिकावी म्हणून गाडी ती कधी काठोकाठ भरू देत नाही आणि पार रिकामीही होऊ देत नाही.

आता पेट्रोल बघा. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिटांची ताकद असते. त्यातली बरीच उष्णता होऊन धुराड्यातून निघून जाते, तरी चांगल्या इंजिनातून तीन युनिटांच्या वर काम निघतं. म्हणजे ही पूर्ण भरलेली बॅटरी किती पेट्रोलच्या बरोबरीची? जेमतेम पाव लिटर! आणि टाकी आहे ४५ लिटरची. ४५ लिटर संपवल्यावर पाव लिटरच्या भरवशावर कोणी घाट चढायला निघेल का?

मग लोक ही गाडी घेतात कशासाठी? बचतीसाठी. सिग्नलला, गर्दीत गाडी उभी असताना इंजिन आपोआप बंद होतं. हळू चालताना मोटर काम करते. ब्रेकमध्ये वाया जाणारी ताकद परत पेटीत जाते. म्हणून कंपनी या गाडीला लिटरमागं जवळपास २८ किलोमीटरचा आकडा सांगते. टोयोटानं १९९७ साली जपानमध्ये प्रियस ही गाडी आणली, ती याच विचारानं. पेट्रोल कमी लागावं एवढाच तिचा हेतू. पेट्रोलशिवाय चालावं असा नाही.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. हायब्रिड असं लिहिलेली प्रत्येक गाडी सारखी नसते. एर्टिगा, ब्रेझा अशा काही गाड्यांवर 'स्मार्ट हायब्रिड' लिहिलेलं असतं. त्यांच्यातली मोटर लहान असते. ती इंजिनाला हातभार लावते, एकटी गाडी ओढू शकत नाही. तिथं पेट्रोल संपलं की साध्या गाडीसारखीच ती जागच्या जागी थांबते. दुसऱ्या मोठ्या हायब्रिड, ज्यांच्याविषयी आत्ता बोललो. त्या थोड्या सरकतात. तिसऱ्या प्रकारात बॅटरी बरीच मोठी असते आणि ती घरी वायर लावून चार्ज करता येते. ती गाडी बॅटरीवर काही दहा किलोमीटर जाऊ शकते, पण आपल्या रस्त्यांवर ती क्वचितच दिसेल.

आणि सीएनजीची गाडी म्हणजे हायब्रिड नव्हे. तिच्यात खरोखरच दोन साठे असतात, गॅसचा आणि पेट्रोलचा. गॅस संपला तर ती पेट्रोलवर चालते, पण टाकीत पेट्रोल ठेवलेलं असेल तरच. तिथला अनुभव हायब्रिडला लावायला गेलं की फसगत होते.

अशी फसगत आपल्याच जुन्नर तालुक्यातल्या एका गटातल्या चार जणींनी सोसली आहे. कल्याणच्या प्रदर्शनात पापड-कुरड्या विकून त्या परत निघाल्या होत्या. गाडी एकीच्या पुतण्याची, नवी, मोठी हायब्रिड. मुरबाडलाच पेट्रोलचा दिवा लागला होता. काकींनी दोनदा सांगितलं, "बाळा, पंप आलाय, भरून घे." तो म्हणाला, "काकी, बॅटरी आहे ना, ओतूरला भरू." टोकावडे मागं पडलं, माळशेज घाट लागला, अंधार झाला. अर्ध्या चढाला इंजिन बंद पडलं. गाडी बॅटरीवर थोडी वर सरकली आणि वळणावरच थांबली. त्यानं चालू करायचं बटण पुन्हा पुन्हा दाबलं. मोबाइलला रेंज नाही. एका मोटारसायकलवाल्यानं खाली जाऊन लिटरभर पेट्रोल आणून दिलं, ते ओतलं, तरी गाडी चालू होईना. त्या चौघींतल्या एकीचं अंगावर पिणारं बाळ घरी सासूजवळ होतं. गाडी उचलून नेणारा ट्रक यायला रात्रीचे साडेअकरा वाजले. बाळाची आई घरी पोचली दीड वाजता.

पेट्रोल घालूनही गाडी का चालू झाली नाही, हे आम्ही मेकॅनिकना विचारलं. त्यांनी सांगितलं ते असं. या मोठ्या हायब्रिड गाड्यांमध्ये इंजिन चालू करायला वेगळा स्टार्टर बहुधा नसतो. ती मोठी बॅटरीच इंजिनाला फिरवते. पेट्रोल नसताना बटण दाबत राहिलं की बॅटरीतली उरलीसुरली वीजही संपते. मग पेट्रोल आलं तरी इंजिन फिरवणार कोण? अशी गाडी वर्कशॉपलाच न्यावी लागते. दुसरं कारण, लिटरभर पेट्रोल पुरत नाही. गाडी चढाला तिरपी उभी असली तर थोडं पेट्रोल टाकीच्या एका कोपऱ्यात बसतं, आणि काही गाड्यांना टाकीत पुरेसं पेट्रोल आल्याशिवाय ते कळतच नाही. किमान किती लिटर टाकायचं हे पुस्तिकेत दिलेलं असतं.

मैत्रिणींनो, आपल्या गावात गाडी बंद पडली की माणसं मदतीला धावतात, आणि ते चांगलंच आहे. पण या गाडीला नेहमीची मदत चालत नाही. धक्का मारून ती चालू होत नाही, कितीही जणांनी ढकललं तरी. ट्रॅक्टरला दोर बांधून ओढायची नाही. पुढची चाकं जमिनीवर फिरली की त्यांच्याबरोबर मोटरही फिरते, वीज तयार होते आणि आतली यंत्रणा बिघडू शकते. गाडी ट्रकवर चढवून न्यायची, नाहीतर पुढची चाकं उचलून. बॉनेटखाली जाड नारिंगी वायरी दिसतील, त्यांना हात लावायचा नाही. त्यांत जोराची वीज असते. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला वायर जोडून चालू करतात, ते फक्त बारा व्होल्टच्या लहान बॅटरीसाठी असतं. मोठी बॅटरी तशी भरता येत नाही.

आणखी एक सवय सांगतो. उताराला गाडी न्यूट्रल करून सोडून देतात, पेट्रोल वाचतं म्हणून. कुठल्याही गाडीत घाटात ते धोक्याचं. हायब्रिडमध्ये तर तोटाही आहे. न्यूट्रलला टाकली की उताराची वीज बॅटरीत भरत नाही. गिअरमध्येच उतरू द्यावं, गाडी आपली कमाई करत उतरते.

दिवा लागला तर काय करायचं? पहिला पंप दिसेल तिथं थांबायचं. अजून इतके किलोमीटर जाईल असा आकडा समोर दिसतो, त्यावर विसंबायचं नाही. तो मागच्या चालण्यावरून काढलेला अंदाज असतो, पुढचा घाट त्याला माहीत नसतो. इंजिन बंद पडून गाडी बॅटरीवर सरकत असेल, तर तो वेळ कडेला, दिसेल अशा जागी गाडी लावण्यासाठी वापरायचा, पुढं रेटण्यासाठी नाही. ताकद गेल्यावर स्टिअरिंग आणि ब्रेक जड लागू शकतात, म्हणून वळणावर थांबायची वेळ येऊ देऊ नये. मग चालू करण्याचं बटण दाबत बसायचं नाही. चारी दिवे लुकलुकते ठेवायचे आणि सगळ्यांनी उतरून रस्त्यापासून लांब उभं राहायचं. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ नंबर आहे, कुठल्याही संकटात ११२. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल आणायला कोणाला पाठवू नका. पेट्रोलची वाफ पेट घेते, आणि बऱ्याच पंपांवर तसं देतही नाहीत. पेट्रोलसाठीचा पक्का डबा हवा.

आता गटानं काय करायचं? आमचं म्हणणं, पुढच्या बैठकीत एवढा एक ठराव लिहा. गटाच्या कामासाठी गाडी ठरली की निघण्याआधी सचिवानं तीन प्रश्न विचारायचे: टाकीत पेट्रोल किती आहे? वाटेत शेवटचा पंप कुठं आहे? आणि गाडी कोणत्या प्रकारची आहे? विचारायला लाजायचं नाही. आपण भाडं देतो, आपला जीव त्यात बसतो. पुतण्या असला तरी विचारायचं.

आणि गावात कोणी नवव्या महिन्यात असेल, तर जी गाडी तिला न्यायची ठरली आहे, ती पेट्रोलची असो, हायब्रिड असो की सीएनजीची, तिची टाकी निम्म्याखाली जाऊ द्यायची नाही. गरज लागली तर आपल्या पेटीतून आधी पेट्रोलला पैसे द्यायचे, हिशोब नंतर लिहायचा. १०८ आणि १०२ हे रुग्णवाहिकेचे नंबर घरात मोठ्या अक्षरात लावून ठेवायचे, म्हणजे लहान मूलही फोन लावू शकेल.

ज्या मैत्रिणी गाडी चालवायला शिकत आहेत, त्यांचं आम्हाला फार कौतुक आहे. तुम्ही हायब्रिड चालवा, पेट्रोल वाचवा. फक्त दिवा लागला की पंपावर वळा.

तुमच्या गटाला असा काही अनुभव असेल तर पुढच्या बैठकीत सहयोगिनीला नक्की सांगा. एकीचा अनुभव दहा जणींच्या उपयोगी पडतो. आज एवढंच. नमस्कार.