मूत्रपिंडाचा चुकलेला अहवाल

(मंडळाच्या कोजागरी संमेलनातील भाषण)



केशरी दुधाचे पेले फिरू लागण्यापूर्वीच मधुमेहावर बोलण्याचा अरसिकपणा आम्ही करीत आहोत, त्याबद्दल क्षमा असावी. आम्ही वैद्य नाही, साधे बी. ए., आणि आयुष्य फायलींत गेलेले. परंतु आमच्या ज्येष्ठ बंधूंनी बारा वर्षे रक्तशर्करेची नोंदवही निष्ठेने ठेवली, आणि लघवीतील अल्ब्युमिन मात्र कोणी एकदाही तपासले नाही. पायांवर सूज आली तेव्हा फार उशीर झाला होता. आज ते आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात. तेव्हापासून आम्ही या विषयाच्या मागे लागलो.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, आणि त्यातील बहुतेक सारा नलिकांवाटे रक्तात परत जातो, साखरही तशीच. मधुमेहात नलिका साखर अधिक शोषतात आणि तिच्यासोबत सोडियमही ओढून घेतात. पुढे हीच नलिका वळून आपल्या गाळणीजवळ येते, तेथे काही पेशी मीठ मोजीत बसलेल्या असतात. मीठ कमी आले म्हणजे गाळणे मंदावले, असा अहवाल त्या धाडतात. मोजमाप बिनचूक, निष्कर्ष साफ चुकीचा! (सरकारी नोकरीत आम्हांस हा प्रकार अपरिचित नाही.) अहवालानुसार गाळणीकडे येणारी रक्तवाहिनी सैलावते, बाहेर जाणारी अँजिओटेन्सिन नावाचे संप्रेरक आवळून धरते. मधल्या गाळणीवर दाब चढतो. दाब आणि साखर यांच्या माऱ्याने तेथील पेशींत संदेशांची साखळी सुरू होते व टीजीएफ-बीटा हे प्रथिन वाढते. एरवी जखम भरून काढणारा हा संदेश येथे थांबतच नाही. गाळणी हळूहळू व्रणासारखी निबर होते. दुखत मात्र काहीच नाही.

या साखळीचे दुवे उमगले, म्हणून उपाय सापडले. ब्राझीलमधील एका सापाच्या विषाच्या अभ्यासातून कॅप्टोप्रिल निघाले. ते अँजिओटेन्सिन तयार होऊ देत नाही. इन्सुलिनवर असलेल्या रुग्णांची मूत्रपिंडे त्याने अधिक काळ टिकतात, हे १९९३ मध्ये सिद्ध झाले. सफरचंदाच्या झाडापासून १८३५ मध्ये फ्लोरिझिन वेगळे केले गेले. आजची ग्लिफ्लोझिन औषधे त्याच्याच वंशातली. ती साखर आणि सोडियम परत शोषू देत नाहीत, मीठ मोजणाऱ्यांपर्यंत मीठ पोचते आणि अहवाल सुधारतो. प्रौढपणीच्या मधुमेहात मूत्रपिंड निकामी होण्यासारखे गंभीर प्रसंग त्यांतील एका औषधाने सुमारे ३० टक्क्यांनी घटले, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले.

आपण बदलीची माणसे. गावागणिक डॉक्टर बदलतो, जुने कागद कुठल्यातरी ट्रंकेत राहतात. म्हणून सांगतो: मधुमेह्याने वर्षातून एकदा लघवीतील अल्ब्युमिनचे क्रिएटिनिनशी प्रमाण मागून तपासून घ्यावे. एका ग्रॅमामागे ३० मिलिग्रॅमच्या वर गेले तर घाबरू नये. तापानेही ते वाढते, म्हणून तीन महिन्यांच्या आत पुन्हा तपासतात.

आमचे यंदा दोन्ही वेळा ४२ आले. औषध सुरू आहे. आमच्यासाठी बिनसाखरेचे दूध आठवणीने वेगळे काढून ठेवणाऱ्या भगिनींचे आभार.