नवा गुडघा आणि जुनें हाड

घरांतील वडील माणूस पाटावरून उठतांना भिंतीचा आधार शोधूं लागलें, कीं गुडघ्याचा विषय निघतो. प्रथम तेल, मग शेक, मग पट्टा, मग गोळ्या, आणि अखेरीस डॉक्टर सांगतात कीं आतां सांधा बदलण्यावांचून उपाय नाहीं. त्या निर्णयास मन तयार होतें न होतें तोंच दुसरा प्रश्न उभा राहतो. नवा सांधा सिमेंटनें बसवावयाचा, कीं सिमेंटवांचून? शस्त्रवैद्य एक सांगतात, शेजारचे गृहस्थ आपल्या मेहुण्याच्या अनुभवावरून दुसरेंच सांगतात, आणि ज्याचा गुडघा तो बिचारा गोंधळून जातो. हाड परक्या वस्तूला कसें वागवितें हें एकदां समजलें, म्हणजे हा गोंधळ पुष्कळ अंशीं दूर होतो.

‘सांधा बदलणें’ हा शब्दप्रयोगच थोडा फसवा आहे. बिजागरीसारखा सबंध गुडघा काढून तेथें दुसरा बसवितात, अशी कित्येकांची समजूत असते. प्रत्यक्षांत मांडीच्या व नडगीच्या हाडांचीं झिजलेलीं टोकें तेवढीं, सुमारें एक सेंटिमीटर जाडीचीं, कापून काढतात. मांडीच्या हाडास धातूचें टोपण चढते, नडगीच्या हाडावर धातूची बैठक बसते, आणि त्या दोहोंमध्यें पॉलिएथिलीन नांवाच्या चिवट पदार्थाची चकती राहते. स्नायू, बाजूचे बंध आणि कातडी हीं सारीं जुनींच. दंतवैद्य किडलेल्या दांतावर टोपी बसवितो, त्याच्याशीं या कामाचें अधिक साम्य आहे. परंतु दांतावरील टोपीवर कोणी जिना चढत नाहीं! गुडघ्यावर चालतांना शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार पडतो, आणि तो वर्षानुवर्षें, दिवसांतून हजारों वेळां. म्हणून धातू आणि हाड यांची गांठ कशी बांधावी, हाच या विद्येंतील मुख्य प्रश्न आहे.

तो प्रश्न जुना आहे. बर्लिनमध्यें थेमिस्टोक्लिस ग्लुक या शस्त्रवैद्यानें १८९० सालीं हस्तिदंताचा गुडघा बसविला, आणि तो पक्का करण्यासाठीं राळ, प्युमिस दगडाची भुकटी व प्लॅस्टर यांचें मिश्रणही वापरून पाहिलें. त्याचे रोगी क्षयानें सांधे कुजलेले होते. जंतुदोषापुढें त्याचें कौशल्य टिकलें नाहीं. कवळ्या बनविण्यास ज्याचा उपयोग होत असे, तें ॲक्रिलिक पुढें इंग्लंडमध्यें जॉन चार्नली यांनीं १९५८ पासून खुब्याच्या सांध्यासाठीं वापरण्यास प्रारंभ केला. त्यांच्याच रायटिंग्टन येथील रुग्णालयांत कॅनडाचे फ्रँक गन्स्टन यांनीं १९६८ सालीं सिमेंटनें बसविलेला गुडघा सिद्ध केला. १९७४ सालीं न्यूयॉर्कमध्यें इन्सॉल, राणावत व वॉकर यांनीं जो गुडघा बनविला, त्याचेच वंशज आज जगभर वापरले जातात. यांपैकीं चित्तरंजन राणावत हे मध्य प्रदेशांत जन्मलेले, इंदूरला शिकलेले. पंतप्रधान वाजपेयी यांचे दोन्ही गुडघे २००० व २००१ सालीं मुंबईंत ब्रीच कँडी रुग्णालयांत त्यांच्याच हातून बदलले गेले. त्या दिवसांत घरोघरीं याच शस्त्रक्रियेची चर्चा होती.

आतां सिमेंट. नांव ऐकून इमारतीचें सिमेंट डोळ्यांपुढें येतें. हें तें नव्हे. एक पांढरी भुकटी आणि एक उग्र वासाचा द्रव शस्त्रक्रियेच्या वेळींच कालवितात. कणकेसारखा गोळा होतो, आणि सुमारें दहा-पंधरा मिनिटांत तो दगडासारखा घट्ट होतो. हा पदार्थ डिंकाप्रमाणें चिकटत नाहीं. कापलेल्या हाडाचा पृष्ठभाग स्पंजासारखा सच्छिद्र असतो. त्या छिद्रांत तीन-चार मिलिमीटर खोल तो दाबून भरला, कीं दगडांच्या सांदींत भरलेल्या चुन्याप्रमाणें तेथेंच अडकून बसतो. त्याचा गुण हाच कीं पकड त्याच क्षणीं पूर्ण होते. रोगी दुसऱ्या दिवशीं उभा राहिला, तरी सांधा हलत नाहीं.

शरीराला मात्र ही भेट अगदींच गोड लागत नाहीं. घट्ट होतांना सिमेंट तापतें. प्रयोगशाळेंत मोठा गोळा ऐंशी अंश सेंटिग्रेडच्याही वर जातो. शरीरांत थर पातळ असतो, आणि धातू व रक्त उष्णता ओढून घेतात, म्हणून तेथें इतका ताप होत नाहीं. तथापि सत्तेचाळीस अंशांची उष्णता मिनिटभर लागली तरी हाडाच्या पेशींना इजा पोहोंचते. त्यामुळें सिमेंटला लागून असलेला हाडाचा एक बारीक थर मरतो. शरीर तो हळूहळू शोषून घेतें व तेथें नवें हाड रचतें. कांहीं ठिकाणीं तंतूंचा पातळ पापुद्रा राहतो. याखेरीज सिमेंट दाबतांना मज्जेंतील चरबीचे कण रक्तांत शिरूं शकतात, आणि क्वचित् रक्तदाब एकाएकीं उतरतो. खुब्याच्या शस्त्रक्रियेंत हें भय अधिक, गुडघ्यांत कमी. पण सिमेंट भरतांना भूल देणारे डॉक्टर विशेष सावध असतात तें याचसाठीं. उलट सिमेंटचा एक उपकारही आहे. हॅम्बुर्गच्या बुखहोल्झ यांनीं त्यांत जंतुनाशक औषध मिसळण्याची रीत काढली. तें औषध जेथें हवें तेथेंच पाझरतें.

सिमेंटवांचून बसविलेल्या गुडघ्याची कथा एका सशापासून सुरू होते. स्वीडनमध्यें लुंड येथें १९५२ सालीं ब्रोनेमार्क हे सशाच्या हाडांतील रक्ताभिसरण पाहत होते. त्यासाठीं बसविलेली टायटॅनियमची नळी प्रयोगानंतर काढूं गेले तों ती निघेना. हाड तिला घट्ट धरून बसलें होतें. टायटॅनियमवर ऑक्साइडचा अति पातळ थर असतो आणि हाड त्याच्याशीं वैर धरीत नाहीं. या गुणाचा लाभ घेऊन धातूचा पृष्ठभाग मुद्दाम खरखरीत व सच्छिद्र करितात. छिद्रें मिलिमीटरच्या एक ते चार दशांशांएवढीं.

येथें शरीर जें करितें तें मोडलेलें हाड सांधण्याचेंच काम असतें. प्रथम रक्त गोठतें. दाहाच्या पेशी येऊन मोडतोड साफ करितात. नव्या रक्तवाहिन्या फुटतात, आणि कांहीं आठवड्यांत कच्चें, विस्कळित हाड त्या छिद्रांत शिरूं लागतें. तें पक्कें होण्यास महिने लागतात. पण या साऱ्याला एक अट आहे. धातू हाडावर किती हलतो? ही हालचाल मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या आंत असली, तर हाड आंत वाढतें. दीड दशांशाच्या पुढें गेली, तर हाडाऐवजीं तंतुमय ऊति तयार होते, आणि सांधा कायमचा सैल राहतो व दुखतो. केसाच्या जाडीएवढ्या फरकावर यशापयश ठरावें, ही खरोखर विलक्षण गोष्ट आहे. म्हणून सुतार खुंटी किंचित् जाड ठेवून ठोकतो, तसा हा सांधा घट्ट ठोकून बसवितात. हाड विरळ असेल, संधिवातानें पोखरलेलें असेल, किंवा रोगी धूम्रपान सोडीत नसेल, तर ही वाढ मंदावते.

स्वीडनच्याच सेल्विक यांनीं हाडांत बारीक मणी ठेवून क्ष-किरणांनीं अशी सूक्ष्म हालचाल मोजण्याची पद्धत बसविली. तिनें असें दिसलें कीं सिमेंटवांचूनची बैठक पहिल्या कांहीं महिन्यांत थोडी सरकते आणि मग, सर्व ठीक असल्यास, स्थिर होते. सिमेंटची बैठक आरंभीं जवळजवळ हलत नाहीं. म्हणजे पहिल्या महिन्यांवरून एकीला शाबासकी आणि दुसरीला दोष देणें उतावीळपणाचें होईल.

अशा उतावीळपणाचा एक नमुना या शास्त्रांतच घडला. सैल झालेल्या सांध्यांभोंवतीं हाड विरघळलेलें दिसे. १९८७ सालीं त्याला ‘सिमेंटचा रोग’ असें नांवही मिळालें. पुढें सिमेंट नसलेल्या सांध्यांभोंवतींही तींच भगदाडें दिसूं लागलीं! खरा अपराधी बहुतांशीं मधल्या चकतीची झीज हा होता. तिचे अतिसूक्ष्म कण शरीरांतील भक्षक पेशी गिळतात, पण पचवूं शकत नाहींत. मग त्या जीं द्रव्यें सोडतात, त्यांनीं हाड खाणाऱ्या पेशी चेतविल्या जातात. चकतीचा पदार्थ सुधारल्यावर हें संकट पुष्कळ कमी झालें. सिमेंटवर मात्र कांहीं काळ अन्यायच झाला.

एक गोष्ट दोन्ही प्रकारांत सारखी आहे, आणि घरच्यांना तीच अधिक भिववते. टांके निघाले, चालणें सुरू झालें, तरी तिसऱ्या-चौथ्या महिन्यांतही नवा गुडघा हाताला गरम लागतो. रक्तांतील दाहाचें माप दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं शिगेला पोहोंचतें व कांहीं आठवड्यांत उतरतें. सांध्याची ऊब त्याहून पुष्कळ रेंगाळते. व्रणाच्या बाहेरच्या बाजूस कातडी बधिर राहते, कारण तेथील बारीक मज्जातंतू कापला जातो. चालतांना धातू व चकती यांचा टकटक आवाज येतो. यांत बहुधा बिघाड नसतो. पण उतरत आलेलें दुखणें पुन्हां चढूं लागलें, ताप आला, किंवा व्रण ओलसर झाला, तर मात्र त्याच दिवशीं शस्त्रवैद्याकडे गेलें पाहिजे. तेथें धीर धरणें महागांत पडतें.

मग निवड कोणती? जगांत आजही बहुसंख्य गुडघे सिमेंटनेंच बसवितात. अनेक वर्षांच्या नोंदींवरून २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या हिशेबांत, बदललेल्या शंभर गुडघ्यांपैकीं सुमारें ब्याऐंशी पंचवीस वर्षें टिकल्याचें आढळलें. ज्यांचें वय कमी, हाड भक्कम आणि पुढें आयुष्य मोठें, अशांच्या बाबतींत सिमेंटवांचूनची पद्धत अलीकडे वाढते आहे. जिवंत हाडाची पकड झिजली तरी पुन्हां दुरुस्त होऊं शकते, ही तिच्यामागील आशा. पंचाहत्तरीच्या, विरळ हाडाच्या आजीबाईंना त्या आशेपेक्षां पहिल्याच दिवशींची घट्ट पकड अधिक मोलाची.

कित्येक शस्त्रवैद्य तर शेवटचा निर्णय शस्त्रक्रियागृहांतच घेतात. नडगीचें हाड कापून झाल्यावर ते त्या ताज्या पृष्ठावर अंगठा दाबून पाहतात. हाड टणक लागलें तर ठोकून बसवावयाचा सांधा पुढें येतो. अंगठ्याखालीं तें दबलें, तर परिचारिकेला सिमेंट कालविण्यास सांगतात.