अनृणतेचे सुख
(मॉरिसव्हिल, नॉर्थ कॅरोलिना येथील कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या मेळाव्यांतून 'समाजाचे ऋण' हे शब्द वारंवार उच्चारले जातात. वर्गणी जमते, वसतिगृहांना आणि ग्रंथालयांना मदत जाते, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु आज आम्ही त्याहून लहान आणि म्हणूनच अधिक अवघड अशा ऋणाविषयी बोलणार आहोत. देश सोडताना जे कर्ज आपण मागे ठेवून आलो, ज्याच्या कागदावर दुसऱ्या कोणाची तरी सही आहे, ते हे ऋण.

प्रथम आमचीच कबुली देतो. आम्ही उभयता येथे आलो, तेव्हा शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाला वडिलांचे एक स्नेही जामीन राहिले होते. ते प्राथमिक शाळेत शिक्षक होते. पहिली काही वर्षे हप्ते नियमित गेले. पुढे रिसर्च ट्रँगल पार्कमधील नोकरी सुटली, व्हिसाची चिंता लागली, घर दोनदा बदलले आणि हप्ते थांबले. नवा पत्ता आम्ही कळविला नाही. त्यामुळे नोटिसा आमच्या दारी आल्या नाहीत. त्या गुरुजींच्या दारी गेल्या. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेतून त्यांनी थकबाकी भरली आणि आमच्या वडिलांकडे त्याविषयी शब्दही काढला नाही. आम्हांस हे कळले ते त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, त्यांच्या मुलाच्या फोनवरून. त्याने पैसे मागितले नाहीत. एवढेच विचारले, "तुम्हाला ठाऊक होते का?" पैसे आम्ही परत केले, पण ज्यांच्या हाती ते द्यावयास हवे होते, ते राहिले नव्हते.

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. आपण हाताशी नसलो, तर बँक साहजिकच जामीनदाराकडे वळते. मोठ्या शैक्षणिक कर्जास बँका तारणही मागतात. आपल्या घरांत तारण ठेवण्याजोगे काय असते? वडिलांनी आयुष्य घालवून बांधलेल्या दोन खोल्या! आपले विमान समुद्र ओलांडते. कर्ज मात्र मागे राहिलेल्यांच्या उंबरठ्यावर बसून राहते.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक कर्जदार पळून गेला आणि त्याने प्रव्रज्या घेतली. सावकारांनी त्यास ओळखले. परंतु भिक्खूंना कोणी हात लावू नये अशी बिंबिसार राजाची आज्ञा असल्याने ते काही करू शकले नाहीत. लोक कुरकुरू लागले. तेव्हा भगवंतांनी नियम केला की, ऋणको मनुष्यास प्रव्रज्या देऊ नये. आजही उपसंपदेच्या वेळी 'तू ऋणमुक्त आहेस ना?' अशा अर्थाचा प्रश्न विचारला जातो. चीवर हे देणे चुकविण्याचे आश्रयस्थान होऊ शकत नाही, तर मग व्हिसा कसा होईल? अनाथपिंडिकास सांगितलेल्या गृहस्थाच्या चार सुखांत अनृणतेचे सुख हे एक आहे, हेही येथे आठवावे.

बाबासाहेबही ऋण घेऊनच परदेशी गेले. १९१३ साली बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती स्वीकारताना त्यांनी संस्थानात दहा वर्षे नोकरी करण्याचा करार केला होता. १९१७ साली लंडनचा अभ्यास अपुरा टाकून ते परतले आणि करार पाळण्यासाठी बडोद्यास हजर झाले. अस्पृश्यतेमुळे तेथे राहावयास घर मिळेना, म्हणून त्यांस ती नोकरी सोडावी लागली. पुढे सिडनहॅम महाविद्यालयातील पगारातून शिल्लक टाकून, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेऊन १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. करार पुरा झाला नाही. पण ते आधी हजर झाले होते, तोंड लपवून राहिले नव्हते. फेडता न येणे हा दोष नव्हे. दडून बसणे हा दोष आहे.

म्हणून आमची नम्र विनंती आहे. ज्यांची बाकी असेल त्यांनी आजच बँकेस, पतसंस्थेस नवा पत्ता कळवावा व खात्याचा उतारा मागवावा. पूर्ण रक्कम जमत नसेल, तर मुदतवाढ किंवा एकरकमी तडजोड लेखी मागावी. कर्ज फिटले की बेबाकी दाखला घ्यावा आणि त्याची प्रत जामीनदाराच्या हाती पोचवावी. हातउसने आणि भिशीचे देणे कागदावर नसते; ते आपणच आठवून लिहून काढावे. आणि या सर्वांच्या आधी, ज्याने सही केली त्यास फोन करावा.

समाजाचे ऋण अवश्य फेडू या. पण समाज म्हणजे कोणी दूरचा जनसमूह नव्हे. ज्या माणसाने आपला हात धरून कागदावर आपले नाव लिहिले, तोच आपला पहिला समाज होय. आमचे गुरुजी गेले. तुमचे अजून असतील.

नमो बुद्धाय! जय भीम!