कार्यकारणभावाचा अभ्यास : अर्थशास्त्र, व्यापार आणि कायदा

(यवतमाळ येथील अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



मागच्या अभ्यासवर्गात एका विद्यार्थ्याने आम्हाला एक प्रश्न विचारला होता. तो म्हणाला, "मी बी.कॉम. झालो, आता कायद्याला प्रवेश घेतला आहे. पण गावी गेलो की लोक विचारतात, बाबू, तुझ्या या शिकण्याचा आम्हाला काय उपयोग? तेव्हा मला उत्तर देता येत नाही." आजचे व्याख्यान म्हणजे त्या विद्यार्थ्याला आमचे उत्तर आहे असे समजावे.

तथागतांनी प्रतीत्यसमुत्पाद सांगितला. त्याचा साधा अर्थ आपण सर्व जाणतो. कोणतीही गोष्ट आपोआप घडत नाही. ती कारणांवर आणि परिस्थितीवर अवलंबून असते, आणि कारण दूर केले तर परिणामही दूर होतो. परंतु हा सिद्धांत आपण विहारात ऐकतो आणि बाहेर पडलो की विसरतो. शेतात पीक बुडाले, घरात माणूस गेला, तर "नशिबात होते" असे म्हणून मोकळे होतो. नशीब म्हटले की चौकशी संपते. चौकशी संपली की ज्याच्यावर जबाबदारी आहे तो सुटतो. म्हणून कारण शोधणे ही केवळ विद्वानांची करमणूक नाही, ती गरिबाची गरज आहे.

परमपूज्य बाबासाहेबांचेच उदाहरण घेऊ. अर्थशास्त्र, वाणिज्य आणि कायदा या तिन्ही ठिकाणी त्यांनी काम केले. १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, १९३५ मध्ये शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५३ मध्ये वाणिज्य व अर्थशास्त्राचे आणि १९५६ मध्ये कायद्याचे महाविद्यालय मुंबईत काढले. हे विषय आपल्या मुलांनी शिकावेत असे त्यांना का वाटले असेल, याचा विचार आपण केला पाहिजे.

१९१८ मध्येच त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्या वेळी बहुतेक जाणकार म्हणत होते की, शेती तोट्यात आहे कारण तुकडे लहान आहेत. तेव्हा कायदा करून तुकडे जोडा म्हणजे प्रश्न सुटेल. बाबासाहेबांनी उलटा प्रश्न विचारला. शेत लहान की मोठे हे कशावरून ठरवायचे? नुसत्या एकरांवरून ते ठरत नाही. बैल, अवजारे, भांडवल आणि कामाची माणसे यांच्या प्रमाणात ते ठरते. जमिनीवर गरजेपेक्षा अधिक माणसांचा भार पडला आहे, कारण त्यांना दुसरा धंदा नाही. तुकडे पडणे हा त्याचा परिणाम आहे. म्हणून त्यांनी उपाय सांगितला तो उद्योगधंदे वाढविण्याचा. म्हणजे लोक ज्याला कारण समजत होते तो परिणाम निघाला.

मित्रांनो, हा निबंध शंभर वर्षांपूर्वीचा म्हणून बाजूला ठेवू नका. २००८ मध्ये केंद्र सरकारने देशभर कर्जमाफी दिली. ज्याची जमीन दोन हेक्टरपर्यंत, म्हणजे सुमारे पाच एकर, त्याचे थकीत कर्ज पूर्ण माफ झाले. त्याहून अधिक जमीन असणाऱ्याला बाकीचे भरल्यावर काही हिस्सा सवलत. आता आपल्या घाटंजी, केळापूर, झरी भागातला आठ एकर कोरडवाहू शेतकरी मोठा, आणि तीन एकर ओलिताचा ऊसवाला लहान, असा त्या मोजमापाचा अर्थ झाला. विदर्भातले अनेक शेतकरी त्या मापात बसले नाहीत. सावकाराचे आणि कृषी केंद्राच्या उधारीचे कर्ज तर त्यात कोणाचेच धरले नव्हते. एकरावरून गरिबी मोजू नये हे १९१८ मध्येच लिहिले गेले होते. ९० वर्षांनंतर तीच चूक पुन्हा झाली.

आता कारण शोधताना होणाऱ्या पहिल्या चुकीकडे वळू. आपल्याकडे म्हणतात, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. एकामागून एक दोन गोष्टी घडल्या की पहिलीला दुसरीचे कारण समजण्याची आपल्याला सवय आहे. २००२ मध्ये बी.टी. कापसाला परवानगी मिळाली. त्यानंतर आत्महत्यांच्या बातम्या वाढल्या. म्हणून अनेक जण ठामपणे सांगतात की बी.टी.मुळेच शेतकरी मेले. परंतु आपल्याच जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या शेतकऱ्याने बायको आणि चार मुलांसह जीव दिला तो १९ मार्च १९८६ रोजी. तेव्हा बी.टी. बियाणे या देशात नव्हते. मग बी.टी. निर्दोष आहे का? तसेही नाही. दरवर्षी महागडे बियाणे विकत घ्यावे लागू लागले, खर्च वाढला, आणि पावसाने दगा दिला तर बुडणारी रक्कमही वाढली. म्हणजे ते एक कारण झाले. एकमेव कारण झाले नाही. जो एकच कारण सांगतो त्याचे भाषण चांगले होते, पण त्याच्या उपायाने गावाचे भले होईलच असे नाही.

वाणिज्याच्या विद्यार्थ्यांसाठी दुसरे उदाहरण. बाजार समितीत भाव उतरला की आपण म्हणतो, व्यापाऱ्यांनी भाव पाडला. कधी ते खरेही असते. पण ते हिशोबाने सिद्ध करता आले पाहिजे. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते. बाकी बहुतेक सरकी. रुईची गाठ १७० किलोची, म्हणजे पाच क्विंटल कापसाची एक गाठ. रुईचा भाव गिरणी आणि जगाच्या बाजारावर अवलंबून. सरकीचा भाव तेल आणि ढेपेवर. रुईचा भाव कायम असताना सरकी उतरली तरी शेतकऱ्याचा कापूस स्वस्त होतो. तेव्हा आमच्या विद्यार्थ्याने कागद घ्यावा, त्या दिवशीचा रुईचा भाव आणि सरकीचा भाव लिहावा, जिनिंगचा व वाहतुकीचा खर्च वजा करावा आणि मिळालेल्या भावाशी ताडून पाहावे. फरक मोठा निघाला तर लूट झाली असे म्हणता येते, आणि मग ते कागदावर दाखवताही येते. नाही निघाला तर शत्रू दुसरीकडे आहे. दोन्ही गोष्टी कळणे आपल्या हिताचेच आहे.

कायदासुद्धा कारण बनतो. १९७१ च्या कायद्याने महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि १९७२ च्या हंगामापासून सुरू झाली. खासगी व्यापाऱ्याला बंदी, आणि सरकारने ठरविलेला भाव. शेतकऱ्याला आधार मिळावा हा हेतू होता. परंतु बाहेरच्या राज्यात भाव अधिक असला की कापूस चोरट्या वाटेने सीमेपार जाई, आणि इथे भाव अधिक असला की बाहेरचा कापूस आत येई. चुकारे थकत, तोटा साचत गेला. २००२ मध्ये खासगी खरेदी पुन्हा मोकळी झाली. ज्यांनी हा कायदा केला ते शेतकऱ्याचे वैरी नव्हते. भावातला फरक माणसाला काय करायला लावतो, एवढा एक दुवा हिशोबात धरला गेला नाही.

आता कायद्यातले कारण पाहू. न्यायालय विचारते, "ते झाले नसते, तर हे झाले असते का?" आणि पुढे विचारते, "पुरावा काय?" पुरावा द्यायचा भार कोणावर, यावर पुष्कळदा निकाल ठरतो. १९८६ च्या डिसेंबरमध्ये दिल्लीच्या वायुगळती प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, धोकादायक उद्योग चालविणाऱ्याने हानी झाल्यास भरपाई दिलीच पाहिजे. आम्ही काळजी घेतली होती हा बचाव चालणार नाही. एका निर्णयाने प्रश्नच बदलला. गरिबाने निष्काळजीपणा सिद्ध करीत बसण्याची गरज तिथे राहिली नाही.

पण सगळीकडे असे नाही. शेतकरी आत्महत्येनंतर कुटुंबाला १ लाख रुपये देण्यासाठी २००६ मध्ये शासन निर्णय झाला. त्यासाठी नापिकी, बँकेचे किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज, आणि वसुलीचा तगादा ही कारणे तपासली जातात. मग प्रकरणावर पात्र किंवा अपात्र असा शेरा पडतो. आम्ही एका कुटुंबाचे कागद घेऊन असेच एका कार्यालयात गेलो होतो. घरात सातबारा नव्हता. मक्त्याने चार एकर वाहिले होते. कर्ज होते ते नातेवाइकांचे आणि दुकानाच्या उधारीचे. शेरा पडला, अपात्र. साहेब वाईट नव्हते, म्हणाले, "आमच्या हातात नमुन्याबाहेरचे काही नाही." त्या माउलीने आम्हाला विचारले, "म्हणजे ते शेतीपायी मेलेच नाहीत का?" या प्रश्नाला आमच्याजवळ त्या दिवशी उत्तर नव्हते. आज एवढेच सांगतो की, ज्या कारणाला नमुन्यात रकाना नाही ते कारण सरकारदरबारी घडलेलेच नसते. आपल्या समाजात भूमिहीन, मक्तेदार, रोजमजूर किती आहेत हे आपण जाणता. रकाना वाढवायचा असेल तर तो कसा तयार होतो हे आपल्या मुलांना शिकावे लागेल.

शेवटचे उदाहरण सर्वांच्या आठवणीतले आहे. २०१७ च्या खरिपात आपल्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले, कित्येकांच्या डोळ्यांना इजा झाली. लगेच सांगितले गेले की मजुरांनी हातमोजे, तोंडाला मास्क वापरले नाही. हे खोटे नाही. पण दुवे मागे मागे मोजा. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती, त्यामुळे फवारा तोंडावर येत होता. बोंडअळी आली होती, म्हणून फवारण्या वाढल्या. दोन-तीन औषधे एकत्र केली जात होती, आणि सल्ला देणारा बहुधा तीच औषधे विकणारा होता. पंपाचा फवारा बारीक, हवा दमट. अंगभर संरक्षक कपडे या उकाड्यात कोण घालू शकतो, आणि रोजाच्या मजुराला ते कोण घेऊन देतो? साखळीच्या शेवटच्या दुव्यावर मजूर उभा होता, म्हणून बोट त्याच्याकडे गेले.

पुढे विशेष तपास पथक नेमले गेले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे याचिका आली, मोनोक्रोटोफॉससह पाच कीटकनाशकांवर आपल्या भागात ६० दिवसांची बंदी आली. २०२१ मध्ये दोन विधवा आणि वाचलेला एक शेतकरी यांनी थेट स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात तेथील कंपनीविरुद्ध दावा लावला. कंपनीने जबाबदारी नाकारली. यवतमाळच्या शेतातले कारण बाझलच्या न्यायालयापर्यंत पोहोचले. अशा दाव्यात पहिलाच प्रश्न असतो, नेमके कोणते औषध फवारले? त्याची पावती कुठे आहे, डबा कुठे आहे, दवाखान्याच्या कागदावर नाव लिहिले आहे का, रक्ताची कोलिनेस्टरेज तपासणी वेळेत झाली का? डबा फेकला, बिल घेतलेच नाही, की खरे कारणसुद्धा न्यायालयात उभे राहत नाही.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, गावी गेलात की काही कामे करा. फवारणीला जाणाऱ्याला सांगा की दुकानातून पक्के बिल घ्या, डब्यावरचा त्रिकोण पाहा. तो लाल असला तर ते अत्यंत जहाल विष आहे. त्रास झाला तर डबा घेऊनच दवाखान्यात जा. मक्त्याने शेती करणाऱ्याला करार लिहून ठेवायला सांगा. उधारीची वही दोघांच्या सहीने ठेवायला लावा. आणि कोणी एका वाक्यात कारण सांगितले की चार प्रश्न विचारा : हे आधी होते का? हे नसते तर ते झाले असते का? याच्या मागे आणखी काय आहे? आणि हेच कारण मानल्याने कोणाचा पैसा वाचतो? शेवटचा प्रश्न विसरू नका. तो अर्थशास्त्राचा आहे, व्यापाराचा आहे आणि कायद्याचाही आहे.

त्या विद्यार्थ्याला आता गावात विचारले की तुझ्या शिक्षणाचा उपयोग काय, तर त्याने सांगावे, "काका, तुमचे बिल दाखवा, सातबारा दाखवा, दवाखान्याचा कागद दाखवा. आपण बसून वाचू." याहून मोठे उत्तर आम्हाला सुचत नाही. त्या माउलीच्या प्रश्नाचे उत्तरही अशाच एखाद्या मुलाच्या हातून कधीतरी लिहिले जावे, एवढी अपेक्षा व्यक्त करतो.



नमो बुद्धाय! जयभीम!