निवड करणारा नेमकं काय बघतो?

(अलोरे येथे दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसमोर केलेलं भाषण)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, खेळाडू नाही. पण कंपनीत नव्या मुलांच्या मुलाखती घेतो, म्हणून निवड करणाऱ्याच्या डोक्यात काय चाललेलं असतं हे थोडंफार कळतं. इथली मुलं टेनिस बॉलच्या स्पर्धा गाजवतात, आणि बारावीनंतर बॅट माळ्यावर जाते. घरचे म्हणतात, खेळून पोट भरत नाही. मुलं म्हणतात, आपल्याला कोण घेणार? या दुसऱ्या प्रश्नावर आज बोलतो.

जवळचं उदाहरण घेऊ. राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत मुलं निवडताना ‘बॅटरी टेस्ट’ घेतात. उंची, वजन, ३० मीटर धावणं, शटल रन, जागेवरून उडी, मेडिसिन बॉल फेकणं, लवचिकता, ८०० मीटर धावणं. यात तुमच्या गावच्या ट्रॉफ्या कुठेच नाहीत. कारण खेळाचं तंत्र नंतर शिकवता येतं, वेग आणि चपळाईचा पाया आधी असावा लागतो. कोल्हापूरच्या राधानगरी तालुक्यातला स्वप्नील कुसाळे याच प्रबोधिनीतून पुढे आला, रेल्वेत नोकरीला लागला आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत कांस्यपदक घेऊन आला.

अमेरिकेत कॉलेजच्या बेसबॉल संघांसाठी शाळकरी मुलं हेरणारी माणसं असतात. तीही हेच करतात. रडार गनने चेंडूचा वेग मोजतात, ६० यार्ड पळायला लावून घड्याळ बघतात. फटका, ताकद, धाव, फेक आणि क्षेत्ररक्षण ही पाच कौशल्यं तपासतात. २००८ मध्ये अशाच मोजमापातून उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू सापडले. बेसबॉल त्यांना माहीतही नव्हता, पण हातात वेग होता. पिट्सबर्गच्या संघाने दोघांशी करार केला.

पण आकडा फक्त दार उघडतो. त्यानंतर हेरणारा तुमच्याकडे बघत राहतो. बाद झाल्यावर हा बॅट आपटतो का? कोच बोलत असताना मान खाली घालतो की ऐकतो? झेल सोडणाऱ्या मित्राला शिव्या देतो का? चेंडू आपल्याकडे नसतानाही पळतो का? मुलाखतीत मीसुद्धा हेच बघतो. उत्तर चुकलं तर चालतं, पण चूक दाखवल्यावर मुलगा काय करतो ते महत्त्वाचं.

आणि अभ्यास. तिकडे पहिल्या श्रेणीच्या कॉलेजकडून खेळायचं तर शाळेत ठरलेले १६ मुख्य विषय पूर्ण करावे लागतात आणि ४ पैकी किमान २.३ सरासरी लागते. चेंडू कितीही जोरात टाका, त्याखाली असाल तर प्रश्न मिटला. म्हणजे ‘खेळ की अभ्यास’ हे भांडण आपण घरात घालतो, निवड करणारा दोन्ही मागतो.

आता झहीर खान. श्रीरामपूरचा, मराठी शहरातला आपल्यासारख्याच घरातला मुलगा. इंजिनिअरिंगची वाट सोडून मुंबईत आला. नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये सुधीर नाईक यांनी त्याला हाताशी धरलं. मग टी. ए. शेखर यांनी त्याला चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनला नेलं. त्यांना काय दिसलं असेल? डावखुरा, वेगवान आणि शिकायला तयार. रणजीचं दार बडोद्याने उघडलं आणि २००० साली तो भारताकडून खेळला. ९२ कसोटींत ३११ बळी, २०११ च्या विश्वचषकात २१. मुंबईच्या संघात जागा मिळाली नाही म्हणून तो घरी परतला असता, तर हे आकडे नसते.

आडनाव बघून कोणी कधी डावलत नाही, असं मी म्हणणार नाही. पण घड्याळाला आडनाव नसतं. तुमची वेळ, तुमचा वेग, तुमचा स्कोअरबुकातला आकडा जितका पक्का, तितकं डावलणं अवघड होतं. आणि चाचणीला गेलोच नाही, तर डावलायची गरजही कोणाला पडत नाही.

म्हणून काही साध्या गोष्टी सांगतो. रत्नागिरी जिल्हा क्रिकेटसाठी मुंबईत मोडत नाही, महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनमध्ये मोडतो. निवड चाचणी कुठली, हे आधी नीट विचारा. तिथे सीझन बॉल असतो, टेनिस बॉलवरचा अंदाज फसतो. जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि आधार यांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, हे आजच बघा. आपल्याकडे शेख, खान, सय्यद कधी पुढे तर कधी मागे लिहिलेलं असतं. वयात तर चुकूनही फेरफार नको. सोळा वर्षांखालच्या क्रिकेटपटूंच्या हाडांची चाचणी होते. खेळाची प्रमाणपत्रं जपून ठेवा. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण प्रमाणपत्रांची पडताळणी कडक असते.

मुलींनो, हे सगळं तुम्हालाही लागू आहे. नांदेडच्या सीमेपलीकडच्या निजामाबादची निखत झरीन २०२२ आणि २०२३ मध्ये बॉक्सिंगची जगज्जेती झाली. पालकांनो, मुलगी मैदानावर जाते म्हटल्यावर तिला अडवण्याऐवजी एक दिवस तिच्यासोबत जाऊन बसा.

या आठवड्यात एक काम करा. ३० मीटर मोजा, मोबाइलवर वेळ लावा, पळा आणि आकडा वहीत लिहा. पुढच्या महिन्यात पुन्हा पळा. निवड करणारा येईल तेव्हा येईल, तोवर तुमची वही तयार असू द्या.