बॉनेट नीट लागलं का?

(परभणी जिल्ह्यातील गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग. घटनेतल्या बाईची ओळख उघड होऊ नये म्हणून काही तपशील वगळले आहेत.)

मैत्रिणींनो,

सकाळपासून आपण पोटगीवर बोललो, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यावर बोललो, संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज कसा करायचा ते पाहिलं. आता माझा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा काही जणी हसल्या. मोटारीचं बॉनेट! म्हणजे इंजिनावरचं झाकण. ते नीट लागत नसेल तर काय करायचं, यावर मी बोलणार आहे. हसा, माझी हरकत नाही. एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत मलाही हे कुणी शिकवलं नव्हतं. ते मी जिंतूर-परभणी रस्त्यावर शिकले, आणि त्यात दोन लेकरांचा जीव जाता जाता राहिला.

आमच्या संस्थेची गाडी जुनी. एका देणगीदाराने वापरून झाल्यावर दिलेली. एकदा तिला पुढून उसाच्या ट्रॉलीचा कोपरा लागला. डेंटिंगवाल्याने पत्रा ठोकून सरळ केला, रंग मारला. गाडी दिसायला झकास झाली. पण तेव्हापासून बॉनेट काही एका दमात लागेना. आमचे ड्रायव्हर भाऊ ते दोन-तीनदा आपटायचे, मग दोन्ही तळहातांनी दाबायचे आणि म्हणायचे, “झालं.” चार महिने असंच चाललं. आम्ही चौघी कार्यकर्त्या रोज त्या गाडीत बसत होतो, रोज तो आवाज ऐकत होतो. एकीनेही विचारलं नाही. गाडी हे आपलं खातं नाही, असं आम्ही ठरवूनच टाकलं होतं. मला गाडी चालवता येत होती, लायसन्स होतं, तरीसुद्धा.

जानेवारीतली गोष्ट. ड्रायव्हर भाऊ गावी गेलेले. संध्याकाळी जिंतूर तालुक्यातून निरोप आला. एका बाईला मारून घराबाहेर काढलं होतं. हाताला सूज होती, सोबत दोन लेकरं. त्यांना परभणीला जिल्हा रुग्णालयात न्यायचं होतं. मी गाडी काढली. तिला घेऊन परत येताना बोरीला थांबून रेडिएटरमध्ये पाणी घातलं. बॉनेट खाली घेतलं, भाऊंसारखंच दोन्ही हातांनी दाबलं. लागल्यासारखं वाटलं. निघालो.

थोडं पुढे गेल्यावर ती मागून म्हणाली, “ताई, पुढचं पत्र्याचं हालायलंय.”

मी म्हणाले, “काही नाही होत. जुनी गाडी आहे, हलतंच.”

ती गप्प बसली. तिला गप्प बसायची सवय होती.

झरी यायच्या आधी समोरून एक भरधाव ट्रक गेला. त्याच्या वाऱ्यासरशी बॉनेट उघडलं आणि धाडकन काचेवर येऊन आदळलं. काच तडकली. समोर नुसता पत्रा. रस्ता दिसेना. मागे उसाचा ट्रॅक्टर होता, हे मला माहीत होतं. मी पाय ब्रेकवर एकदम दाबला नाही, एवढंच माझं नशीब. खिडकीतून डोकं बाहेर काढलं, बॉनेटच्या खालच्या फटीतून जेवढा रस्ता दिसला तेवढा पाहिला, आणि हळूहळू वेग कमी करत डावीकडे मातीत उतरले. लेकरं रडत होती. ती रडत नव्हती. ती फक्त म्हणाली, “मी म्हणलं होतं.”

मैत्रिणींनो, हे तीन शब्द माझ्या मनातून जात नाहीत. घरातल्या धोक्याची चाहूल जिला पावलांच्या आवाजावरून लागायची, तिला हललेला पत्रा आधी दिसला यात नवल नव्हतं. आणि मी, बायांचं ऐकून घेण्याचं शिक्षण घेतलेली, पदवी मिळवलेली, मी तिला काय म्हणाले? “काही नाही होत.” तिच्या सासरीही तिला सगळे हेच म्हणत आले होते.

चार माणसं जमली. त्यांतल्या एकाने सुतळीने बॉनेट बांधून दिलं, त्याचे उपकार. दुसरा म्हणाला, “बायाच्या हाती गाडी दिल्यावर दुसरं काय व्हणार?” रस्त्यावरचं बोलणं मी रस्त्यावरच सोडलं असतं. पण पुढच्या कार्यकारिणीच्या बैठकीत ठराव आला, की यापुढे ड्रायव्हर नसताना गाडी बाहेर काढायची नाही. आमच्या कार्यकारिणीत बायाच जास्त आहेत. त्यांना काळजी होती, वाईट हेतू नव्हता. पण रात्री-अपरात्री निरोप आला तर? ड्रायव्हर भाऊ येईपर्यंत त्या बाईने कुठे थांबायचं? मी एक महिन्याची मुदत मागितली.

गॅरेजमध्ये गेले. तरुण मेकॅनिक म्हणाला, “मॅडम, तुम्ही कशाला त्रास घेता, गाडी ठेवून जा.” मी स्टूल ओढून बसले. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी मात्र मला बोलावलं, हातात टॉर्च दिली आणि सगळं दाखवलं. ते तुम्हाला सांगते.

बॉनेटच्या आतल्या बाजूला एक लोखंडी कडी असते. समोरच्या पट्टीत तिच्यासाठी खटका असतो. झाकण पडलं की कडी खटक्यात शिरते, खटका फिरतो आणि तिला धरून ठेवतो. हे पहिलं कुलूप. ते आपण आतून, स्टेअरिंगच्या खालची दांडी ओढून उघडतो. दांडीपासून खटक्यापर्यंत एक वायर गेलेली असते. दुसरं कुलूप म्हणजे बोटाने सरकवायचा आकडा. पहिला खटका सुटला तरी झाकण उडू नये, म्हणून तो असतो. आमच्या गाडीत कडी ठोकाठोकीत किंचित एका बाजूला सरकली होती, म्हणून ती खटक्यात पुरती शिरतच नव्हती. आणि आकड्याची स्प्रिंग धूळ आणि जुन्या ग्रीसच्या थराने जाम झाली होती. आपल्याकडची काळी माती, कच्चे रस्ते, उन्हाळ्याचा फुफाटा. दोन्ही कुलुपं असून नसल्यासारखी. चार महिने आम्ही फक्त झाकणाच्या वजनावर फिरत होतो.

आता काय करायचं ते लिहून घ्या.

एक. बॉनेट लागत नसेल तर जोर लावू नका. आधी खटक्यात डोकवा. कधीकधी खटका आधीच फिरून बंद झालेला असतो. अशा वेळी कितीही आपटलं तरी कडी आत जात नाही, उलट खटका तुटतो. आतली दांडी ओढा, खटका उघडा करा, मग झाकण लावा.

दोन. आधाराची दांडी तिच्या जागी नीट बसवा. झाकण हाताने खाली आणा आणि फूटभर उंचीवरून सोडा. स्वतःच्या वजनाने ते लागलं पाहिजे. मध्यभागी तळहाताने दाबलं तर पातळ पत्र्याला खोच पडते. काही नव्या गाड्यांत झाकण उचलून धरणारे दट्टे असतात, ती झाकणं मात्र दाबूनच लावावी लागतात. गाडीसोबतचं पुस्तक वाचा. ते ड्रायव्हरसाठीच छापलेलं नसतं.

तीन. लावल्यावर पुढची कड धरून वर ओढा. बोटभर जरी उचलली गेली तरी फक्त आकड्याने धरलंय, खटका लागलेला नाही. दोन्ही बाजूंची फट सारखी आहे का, तेही पाहा.

चार. खटका आणि आकडा रॉकेलने किंवा डिझेलने पुसा, नवं ग्रीस लावा. कोपऱ्यांत रबरी गुटके असतात, ते फिरवून खालीवर होतात. फार वर असले तर झाकण लागत नाही, फार खाली असले तर खडखडतं.

पाच. एवढं करूनही जमलं नाही तर खटक्याचे बोल्ट सैल करून तो थोडा सरकवावा लागतो. आधी खडूने जुनी जागा आखून घ्या. पण अपघातात पत्राच वाकला असेल तर मिस्त्रींकडेच जा, आणि दुरुस्ती होईपर्यंत गाडी काढू नका. सुतळी म्हणजे दुरुस्ती नव्हे.

कुणी म्हणेल, हे बायांचं काम आहे का? १८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता, त्याने बनवलेली मोटार घेऊन, दोन मुलांसह मानहाइमहून फोर्झहाइमला, शंभराहून जास्त किलोमीटर गेली. मोटारीतून एवढा लांबचा पहिला प्रवास तिचाच मानतात. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने साफ केली. ब्रेक झिजले, तर चांभाराकडून कातडं ठोकून घेतलं. एवढं लांबही जायला नको. आपल्याच देशात, उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात १९९० च्या दशकात महिला समाख्या कार्यक्रमातून गावच्या निरक्षर बायांनी हातपंप दुरुस्त करायला शिकून घेतलं. पाणी बायाच भरायच्या, पण पंप बिघडला की पुरुष मेकॅनिकची वाट पाहायची, अशी तिथली रीत होती. पाना हातात आला आणि वाट पाहणं संपलं.

महिन्याने कार्यकारिणीला आम्ही चौघींनी अंगणात गाडी उघडून, लावून दाखवली. ठराव मागे घेतला गेला. त्याऐवजी एक वही आली. गाडी बाहेर काढणाऱ्याने, बाई असो की पुरुष, बॉनेट, चाकं, पाणी, ब्रेक पाहायचे आणि सही करायची. ड्रायव्हर भाऊंनी पहिली सही केली. ते म्हणाले, “मलाही माहीत होतं नीट लागत नाही. कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.” त्या वहीत शेवटचा एक रकाना मी आग्रहाने घालून घेतला आहे: ‘गाडीत बसलेल्या कुणी काही सांगितलं का?’ तो रकाना रिकामा सोडायचा नाही.

ती बाई आता माहेरी आहे, तिचा अर्ज कोर्टात चालू आहे. तारखेला येते तेव्हा गाडीत पुढे बसते. निघण्याआधी स्वतः उतरून बॉनेटची कड ओढून पाहते. मी काही बोलत नाही, थांबते.

आता चहा होईल. गाडी बाहेर लिंबाखाली उभी आहे, दांडी लावून ठेवली आहे. चहा झाला की प्रत्येकीने एकदा यायचं, दांडी काढायची, झाकण सोडायचं आणि कड ओढून पाहायची. साडीला ग्रीस लागलं तर माझ्याकडे रॉकेल आहे.