धोकटीतली सिल्ली



माझे आजोबा घोडेगावच्या पलीकडच्या चार वाड्यांचं बलुतं करायचे. सुगीला खळ्यावरून धान्य आणायचं आणि वर्षभर ओसरीओसरीवर दाढी-हजामत करायची. ते गेल्यावर त्यांची धोकटी माळ्यावर गेली. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत ती खाली काढली. त्यात गंजलेली कात्री, नराणी, चिमटा, वाटी, लाकडासारखं कडक झालेलं चामोटं आणि अगदी तळाशी फडक्यात गुंडाळलेली, वस्तऱ्याला धार लावायची सिल्ली निघाली. वीतभर लांब, दोन बोटं रुंद, तेलामळानं काळीठिक्कर. "ओढ्यातला दगड असेल, टाक," असं आई म्हणाली.

मीही टाकला असता. पण एका कोपऱ्याचा टवका उडाला होता आणि तिथं सायीसारखा पिवळसर थर दिसत होता. त्याच्याखाली जांभळट पाटीचा दगड. ही दुरंगी सिल्ली बेल्जियममधल्या आर्देन डोंगरातली. पिवळ्या थरात गार्नेटचे अतिसूक्ष्म कण असतात, तेच पोलाद कापतात.

आपल्या जुन्नर-आंबेगावात असा दगड मिळायचा नाही. शिवनेरी, लेण्याद्री, नाणेघाट, सगळा काळा बसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झालेला. त्याचा पाटा-वरवंटा उत्तम होतो, कारण पाट्याला खरखर हवी असते. ती गेली की टाकी लावून घ्यायची. विळा-खुरपंही त्यावर चालतं. वस्तरा मात्र नाही. भरड दगडावर त्याच्या धारेला बारीक दाते पडतात आणि गालाची आग होते. म्हणून जर्मनीतल्या थुरिंगियाची पाटी किंवा अमेरिकेतल्या आर्कान्सासचा नोव्हाक्युलाइट जगभर गेला. नोव्हाक्युलाइट हे नावच वस्तऱ्याच्या लॅटिन शब्दावरून पडलं आहे.

तुमच्या घरी अशी सिल्ली असेल तर आधी कोमट पाणी, साबण आणि जुना टूथब्रश. तेल फार मुरलं असेल तर रॉकेलचा बोळा. उकळत्या पाण्यात मात्र घालू नका. काही सिल्ल्यांचे थर डिंकाने चिकटवलेले असतात, ते सुटतात. ॲसिडही नको. मळ गेला की खरा रंग दिसतो. कडेनं बघा, एकच थर की दोन. जुनी चिठ्ठी चिकटलेली असेल तर तिला पाणी लागू देऊ नका.

वर्षानुवर्षं घासून सिल्ली मधोमध खोलगट होते. जाड काचेवर २२० नंबरचा वॉटर पेपर ठेवायचा, सिल्लीवर पेन्सिलीनं उभ्या-आडव्या रेघा मारायच्या आणि भरपूर पाणी घालून घासायचं. कोरडं घासू नका, ती धूळ फुप्फुसाला वाईट. कडेच्या रेघा आधी जातात, मधल्या शेवटी. मधली शेवटची रेघ पुसली गेली की दगड सपाट. मग ६०० नंबरचा कागद, आणि कडा जरा बोथट करायच्या, म्हणजे टवका उडत नाही. मला दोन संध्याकाळ लागल्या.

वडील दुकानात आता अर्ध्या ब्लेडचा वस्तरा वापरतात, प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं पातं. पण सिल्ली सपाट झाली त्या रात्री त्यांनी आजोबांचा वस्तरा काढला. सिल्लीवर पाणी शिंपडलं, पाठ आणि धार दोन्ही टेकवून, धार पुढे ठेवून वस्तरा सरकवला. टोकाला पाठीवरच उलटवला. पाणी दुधाळ झालं. तेल चोळून मऊ केलेल्या चामोट्यावर मग पाठ पुढे ठेवून वीस-तीस फेरे मारले आणि आपल्या मनगटावर वस्तरा हलकेच फिरवला. केस न ओढता निघून आले.

"बाबांचा हात असाच होता," असं म्हणून त्यांनी वस्तरा माझ्या हातात दिला.